यादीबाहेरच्या तेवीस वस्तू

पडदा वर जातो तेव्हा समोर एक लोखंडी कपाट, एक लंगडं टेबल आणि टेबलामागे एक माणूस. पार्श्वसंगीत म्हणून मागे करवत चाललेली, अखंड, पाण्याच्या धारेसकट. दगड कापताना करवतीवर पाणी सोडावं लागतं, नाहीतर ती तापते. कापणारी माणसं तापली तर काय सोडायचं, याची सोय त्या कारखान्यात केलेली नव्हती. प्रकाशयोजना म्हणजे एक ट्यूबलाइट, तीही डोळे मिचकावणारी. आणि सगळीकडे पांढरी धूळ. कपाटावर, टेबलावर, माणसांच्या भुवयांवर. आमच्या वेळी म्हातारा दाखवायचा तर भुवया पांढऱ्या करायला रंगभूषाकाराचा अर्धा तास जायचा. इथे ते काम पंचविशीतल्या पोरींनाही फुकटात करून मिळत होतं.

टेबलामागे बसलेले ते आमचे चावीकाका.

नाटक कंपनीत चाळीस वर्षं त्यांनी सामान सांभाळलं. सामान म्हणजे तलवारी, मुकुट, पत्रं, पेले, कंदील, काठ्या, नकली दागिने, आणि एक भुसा भरलेलं हरीण. चौदा पेट्या होत्या, प्रत्येक पेटीच्या झाकणाला आतून यादी चिकटवलेली, आणि सगळ्या चाव्यांचा जुडगा काकांच्या कमरेला. चालले की खुळखुळ वाजायचे. पंचविसाव्या वर्षापासूनच सगळी कंपनी त्यांना काका म्हणायची, कारण एखादी वस्तू क्षणभर दिसेनाशी झाली की त्यांच्या चेहऱ्यावर घरातलं माणूस गेल्यासारखं दुःख दिसायचं. माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठे, पण मीही काकाच म्हणायची. ते मला बाई म्हणायचे. रागावले की राणीसाहेब, कारण माझ्या वाट्याला बहुतेक राण्याच यायच्या. राजवाड्यातल्या आठ, वनवासातल्या तीन.

त्यांची पद्धत ठरलेली होती. नट रंगमंचावर जायच्या आधी विंगेत वस्तू त्याच्या हातात द्यायची. नट बाहेर आला की विंगेतच तळहात पुढे करून उभं राहायचं आणि म्हणायचं, "परत." एवढंच, तेही कुजबुजत, कारण पलीकडे प्रवेश चालू असायचा. आमचा नायक शेवटच्या अंकात असा काही मरायचा की पहिल्या चार रांगा रुमाल शोधायच्या. पडदा पडायचा, टाळ्या चालू असायच्या, आणि नायक उठून बसायच्या आत काकांचा तळहात त्याच्या छातीवर. "परत." त्यांना खंजीर हवा असायचा.

नायक एकदा वैतागून म्हणाला, "काका, मला निदान धड मरू तरी द्या."

"मरा की. खंजीर तेवढा द्या."

चाळीस वर्षांत एक टाचणी हरवली नाही. पण त्यांचा दुसराही एक नियम होता, आणि तो मला फार उशिरा कळला, म्हणजे समजला. दौऱ्यावर असताना रंगपटातून चोऱ्या व्हायला लागल्या होत्या. माझ्याकडे वडिलांनी दिलेलं मनगटी घड्याळ होतं. मी ते घेऊन काकांकडे गेले. म्हटलं, प्रयोग संपेपर्यंत पेटीत ठेवा.

"पेटीत कंपनीचं. तुमचं तुमच्याकडे."

"अहो, तीन तासांचा प्रश्न आहे. एवढी चांगली कुलपं आहेत तुमची."

"कुलूप आहे म्हणूनच नाही म्हणतो, बाई. उद्या चावी माझ्या हातात नसली, तर तुमचं घड्याळ कोणाचं?"

त्या रात्री मी वनवासातली राणी मनगटावर घड्याळ बांधूनच केली, वरून साडी ओढून. आठवडाभर काकांशी बोलले नाही.

पुढे कंपनी बंद पडली. प्रेक्षकांना घरबसल्या रडायची सोय झाली होती. चौदा पेट्या भंगारात गेल्या, आणि भंगारवाला सांगतो की आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याला भंगार यादीप्रमाणे मोजून दिलं, वर सही घेतली. त्याच भंगारवाल्याच्या ओळखीने काकांना दगडाच्या कारखान्यात स्टोअरकीपरची नोकरी लागली. स्टोअरला लागून राहायला खोली, दहा बाय आठ. बायको केव्हाच गेली होती. एक भाची होती, घरी कपडे शिवणारी. तिने दोनदा राहायला बोलावलं. काका दोन्ही वेळा म्हणाले, "येतो गं, पण चावी कोणाकडे देऊ?"

कारखान्यात खाणीतून ठोकळे यायचे, त्यांच्या लाद्या कापून, घासून, चकचकीत करून पाठवायच्या. घासणाऱ्यांत बायका जास्त. बावीस माणसं होती, सगळी लांबून आणलेली, कारखान्याच्या मागच्या पत्र्याच्या चाळीत राहणारी. काकांनी स्टोअर असं लावलं की आमच्या पेट्यांना हेवा वाटावा. करवतीची पाती मापाप्रमाणे, हातमोजे जोड्यांनी. गमबुटांचे बावीस जोड, बावीस हेल्मेट आणि बावीस मास्क मात्र पाकिटात बंद. ते तपासणीच्या दिवशी वाटायचे आणि संध्याकाळी गोळा करायचे, असा साहेबांचा हुकूम होता. साहेब म्हणजे तिथले व्यवस्थापक. मालक कधी दिसत नसत, देवासारखे. काकांना यात काही वावगं वाटलं नाही. प्रयोगाच्या दिवशीच सामान काढायचं, हे त्यांना चांगलंच समजत होतं.

मग एके दिवशी साहेब एक खोकं घेऊन आले.

"काका, लोकांची ओळखपत्रं आहेत. बिचारे हरवतात हो. तुमच्या कपाटात सुरक्षित राहतील."

सुरक्षित हा शब्द ऐकला की काकांचं भान जायचं. कोणी तो शब्द वापरून त्यांच्याकडे सूर्य दिला असता, तरी त्यांनी नंबर टाकून आत ठेवला असता. लोक कुरकुरत होते. तेव्हा काकांनी खिशातून स्वतःचं कार्ड काढलं आणि म्हणाले, "हे बघा, माझंही ठेवतो. पहिल्या खणात." मग बाकीच्यांनी दिली. असा विश्वासू चेहरा साहेबांना जाहिरात देऊन मिळाला नसता, आणि इथे तो पगारात मिळत होता.

भाचीकडून त्यांनी तेवीस खणांची कापडी पिशवी शिवून घेतली. कपाटाच्या दाराला आतून टांगली. प्रत्येक खणावर नंबर, तळाशी डांबरगोळ्या, कसर लागू नये म्हणून. प्लास्टिकच्या कार्डाला कसर लागत नाही, हे त्यांना सांगायला कोणी धजलं नाही.

आता हे कार्ड म्हणजे काय चीज आहे, ते आपल्याला ठाऊकच आहे. गाडीचं तिकीट, बँक, दवाखाना, भाड्याची खोली, दुसरं काम, सगळीकडे आधी ते दाखवा. त्यामुळे कारखान्यात कोणालाही बांधून ठेवलेलं नव्हतं. साखळदंड हे आमच्या जुन्या नाटकांत असायचे, फार जड, ओढताना आवाज व्हायचा, प्रेक्षक घाबरायचे. सुधारणा झाली ती अशी, की आवाज बंद झाला.

पॉलिशवाली दर सुट्टीच्या दिवशी स्टोअरमध्ये यायची. तिशीची असेल. दगड घासून घासून तिच्या बोटांच्या टोकांवरच्या रेषा गुळगुळीत झाल्या होत्या.

"काका, माझं कार्ड बघू द्या ना. नुसतं बघते."

काका कपाट उघडायचे, सातव्या खणातून कार्ड काढून तिच्या हातात द्यायचे आणि तळहात पुढे करून उभे राहायचे. ती स्वतःचा फोटो बघायची.

"हिच्यापेक्षा मी वाळलेय का हो?"

"फोटो जुना आहे."

"आणि तुमचा बघा, पहिल्या खणातला. दरोडा घालून आल्यासारखे दिसताय."

"परत."

ती हसून कार्ड द्यायची. असं तीन वर्षं चाललं. काकांनी प्रत्येक वेळची नोंद वहीत केली आहे: दिलं, बघितलं, परत आलं. मला ती वही दाखवताना त्यांना अभिमान होता. माणसाचं नाव जपून ठेवायला एवढी मेहनत कोण घेतं, असं त्यांचं म्हणणं. मीसुद्धा मान डोलावली. मला तरी कुठे काय दिसलं होतं?

दरम्यान लांब कुठेतरी एक फार मोठी इमारत उभी राहत होती. तिच्या तळमजल्याला आमच्या कारखान्याची फरशी जाणार होती. इमारत बांधणाऱ्या कंपनीचं मन कोवळं होतं. आपल्या एकाही दगडाला सक्तीचा हात लागलेला असू नये, असं त्यांनी छापून, काचेत बसवून, सगळ्या पुरवठादारांना भिंतीवर लावायला पाठवलं होतं. साहेबांनी ते लावलं, चाळीच्या कुलपाच्या बरोबर वर. एवढ्यावर न थांबता कंपनीने तपासणीही ठेवली, आणि कोणाची गैरसोय होऊ नये म्हणून पंधरा दिवस आधी तारीख कळवली.

साहेब काकांना म्हणाले, "तुम्ही नाटकातले ना? या लोकांना चार वाक्यं नीट बोलायला शिकवणारं कोणी आहे का?"

काकांनी माझं नाव सांगितलं, जुन्या प्रेमाने. मी गेले. मला "संवाद प्रशिक्षिका" असं पद मिळालं आणि मानधनही. कवळी बदलायची होती. नवी कवळी फार छान बसली. खोटं बोलताना अजिबात हलत नाही.

"खोटं काही नाही हां, बाई," साहेबांनी आधीच सांगितलं. "फक्त घाबरून भलतंसलतं बोलू नयेत."

तालीम चाळीपुढच्या मोकळ्या जागेत. तपासनीस बाई विचारणार ते प्रश्न साहेबांकडे आधीच आले होते, एकूण बेचाळीस. मी तपासनीस व्हायची आणि एकेकाला विचारायची. हातमोज्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून काकांनी नकली कार्डं केली होती. प्रश्न बावीस: तुमचं ओळखपत्र कोणाकडे असतं? यावर खिशातून पुठ्ठा काढून दाखवायचा आणि म्हणायचं, माझ्याकडेच असतं.

कापणाऱ्यांत एक वयस्कर गडी होता, सगळे त्याला मामा म्हणायचे. मामांच्या अंगात नट शिरला.

मी विचारलं, "मामा, जेवण कसं मिळतं?"

"माझ्याकडेच असतं!" मामांनी पुठ्ठा फडकवला.

"अहो मामा, तो बाविसावा प्रश्न."

"आधीच सांगून ठेवतो बाई. मागाहून विसरलो तर?"

सगळे हसले. मीही हसले. पॉलिशवाली मात्र साहेबांकडे गेली, ते खुर्ची टाकून तालीम बघत होते.

"साहेब, बुधवारी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. सही करायला घरचं माणूस लागतं, आणि त्याचं कार्ड. माझ्याशिवाय कोणी नाही तिला. गेल्या वेळची तारीख अशीच गेली. एक डोळा गेला. डॉक्टर म्हणतात, आता उशीर केला तर दुसराही जाईल. मी सोमवारी संध्याकाळची गाडी धरली तर पोचेन."

"सोमवारी तपासणी आहे ना गं?"

"तपासणी झाल्यावर निघते."

"ऑर्डर पुरी होऊ दे. महिनाभर."

"आणि डोळा?"

"अगं, तुला अडवलंय का कोणी?" साहेबांचा आवाज मधासारखा झाला. "मोकळी आहेस तू. जायचं तर जा की. कार्ड राहील इथे, सुरक्षित."

ती परत रांगेत येऊन उभी राहिली. तिची पाळी आली. मी विचारलं. तिने पुठ्ठा काढला आणि स्वच्छ, सरळ आवाजात म्हणाली, "माझं कार्ड माझ्याकडेच असतं." इतक्या वर्षांत मी पुष्कळ नट्या पाहिल्या, पण असं वाक्य एकीलाही टाकता आलं नव्हतं. मी वा म्हणणार होते. तेवढ्यात सवयीने तिने पुठ्ठा काकांच्या तळहातावर ठेवला.

"परत," काका म्हणाले.

"हा पुठ्ठा तुमचा, काका. घ्या. सोमवारी खरं कार्ड द्याल, तेही असंच परत द्यायचं?"

"हो."

"पण ते तर माझं आहे ना?"

काकांचा तळहात तसाच पुढे राहिला, पुठ्ठ्यासकट. पुढच्याने आपला पुठ्ठा त्यावर ठेवला, त्याच्या पुढच्याने त्यावर, आणि पुठ्ठ्यांची चळत घसरून खाली पडली. काका ती उचलायला वाकले नाहीत. मी त्यांना चाळीस वर्षं ओळखत होते. वस्तू जमिनीवर आणि काका उभे, हे दृश्य माझ्यासमोर पहिल्यांदाच घडत होतं.

तालीम संपल्यावर आम्ही स्टोअरच्या पायरीवर चहा घेत बसलो.

"बाई, तुमचं ते घड्याळ आहे का अजून?"

"आहे. चालत नाही."

"पण तुमच्याकडे आहे."

"माझं घड्याळ माझ्याकडे नाही तर कोणाकडे असणार?"

"मी ठेवून घेतलं नव्हतं ना?"

"नव्हतं. आठवडाभर बोलले नाही मी तुमच्याशी."

"असं? मला कळलंच नाही." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "तीन वर्षं झाली, बाई. माणसाचं स्वतःचं कार्ड मी पेटीत घालतोय. वर डांबरगोळ्या टाकतोय. आणि पहिल्यांदा माझं टाकून दाखवलं, म्हणून बाकीच्यांनी टाकलं. मी नसतो तर कदाचित दिली नसती कोणी."

मी काहीतरी समजुतीचं बोलले असते. पण माझ्या पर्समध्ये मानधनाचा पहिला हप्ता होता, त्यामुळे बोलणं जरा अवघड गेलं.

"साहेबांना सांगा," मी म्हटलं.

"सांगितलं मघाशीच, तिला तेवढं देऊ का म्हणून. म्हणाले, काका, तुम्ही फक्त यादीप्रमाणे चाला." काका उठले. कमरेच्या चाव्या खुळखुळल्या. "बरं. यादीप्रमाणे चालतो."

सोमवारी सकाळी कारखान्याचं रूप बघण्यासारखं होतं. चाळीला रंग, दारापुढे कुंड्या. चाळीचं बाहेरून लावायचं कुलूप काढलं होतं, पण जुन्या रंगात त्याचा गोल डाग राहिला होता. तिथे साहेबांनी एक कॅलेंडर टांगलं. घरच्या दारावर बाहेरून कॅलेंडर लावणारी जगातली ती पहिलीच चाळ असावी. लोक नव्या गमबुटांत असे चालत होते जसे आमचे नवखे सैनिक पहिल्या प्रयोगाला चालायचे.

स्टोअरच्या दारात काका दोन कागद घेऊन उभे. पहिल्या कागदावर गमबूट, हेल्मेट, मास्क, हातमोजे. दुसऱ्यावर बावीस नावं आणि प्रत्येकासमोर सहीची जागा. गमबूट दिले की पहिल्यावर खूण, कार्ड दिलं की दुसऱ्यावर सही. साहेब धावपळीत होते, गाडी फाटकात आली होती.

"साहेब, दोन सह्या."

"काय आहे?"

"सामान वाटपाच्या याद्या."

साहेबांनी टेबलावर न ठेवता, हातातच धरून दोन्हींवर सही ठोकली आणि गाडीकडे पळाले.

तपासनीस बाई तरुण होत्या, चांगल्या होत्या, आणि त्यांना उशीर झाला होता. त्या दिवशी अजून दोन कारखाने करायचे होते. त्यांनी बेचाळीस प्रश्न चाळीस मिनिटांत उरकले. माझ्या शिष्यांनी नाव काढलं. मामांनी बाविसावा प्रश्न येईपर्यंत दम धरला, आला तेव्हा कार्ड इतकं उंच धरलं की बाईंना वाचता येईना. पॉलिशवालीने आपलं वाक्य टाकलं. तपासनीस बाई म्हणाल्या, "किती आत्मविश्वासाने बोलतात इथले लोक!" मी खाली बघितलं.

"कार्ड कामगारांकडे असल्याचा काही लेखी पुरावा?" बाईंनी विचारलं.

साहेब गडबडले. हा प्रश्न यादीत नव्हता. मागून काका पुढे आले आणि त्यांनी दुसरा कागद टेबलावर ठेवला.

"वा! नोंदसुद्धा आहे!" बाईंनी कागदाचा फोटो काढला. तारीख त्याच दिवसाची होती, शाई अजून धड वाळली नव्हती. पण तारीख बघणं हे बेचाळीस प्रश्नांत कुठे बसत नव्हतं. सगळ्या चौकोनांत बरोबरच्या खुणा झाल्या. मग साहेबांनी बाईंना कचेरीत चहाला नेलं आणि दोनच मिनिटांत "आलोच" म्हणून बाहेर आले.

"काका, सगळं जमा करून घ्या. पटकन."

काका स्टोअरच्या दारात विंगेतल्यासारखे उभे राहिले, तळहात पुढे. "परत." गमबूट आले. "परत." मास्क आले. पॉलिशवाली आली. तिने बूट दिले, हेल्मेट दिलं, मास्क दिला, आणि मग पदराच्या गाठीतून कार्ड काढून पुढे धरलं.

काकांनी आपला तळहात मागे घेतला.

"हे यादीत नाही."

ती बघतच राहिली. साहेबही.

"काका, कार्डं," साहेब कुजबुजले. कुजबुजायलाच लागत होतं, कचेरीची खिडकी उघडी होती आणि आत तपासनीस बाई बिस्किटं खात होत्या. "कार्डं घ्या."

"यादीत नाहीत, साहेब." काकाही कुजबुजले. त्यांची ती चाळीस वर्षांची सवयच होती. "पहिल्या यादीत कारखान्याचं सामान. ते येतंय सगळं. एक हातमोजा फाटलाय, तेवढं बघा."

"आणि दुसरी यादी?"

"ती परत घ्यायची यादीच नाही. वरती लिहिलंय ना: ज्याचं त्याला दिलं, यापुढे स्टोअरमध्ये जमा होणार नाही. खाली तुमची सही आहे."

"मी तो कागद फाडतो!"

"फाडा की. फोटो बाईंकडे गेलाय."

साहेबांचा चेहरा आमच्या खलनायकाचा व्हायचा तसा झाला, फक्त त्याला रंग लावावा लागायचा. पण ओरडता येत नव्हतं. असा कुजबुजता भांडणाचा प्रवेश कोणत्याही नाटककाराला सुचला नसता.

"म्हाताऱ्या, मीठ खातोस ना इथलं? आजची आज खोली रिकामी कर. चाव्या टाक."

काकांनी कमरेचा जुडगा सोडला. सोडायला वेळ लागला, कडी गंजली होती. जुडगा साहेबांच्या हातात पडला तेव्हा त्यांचा हात किंचित खाली गेला. जड होता तो. साहेबांनी सगळ्यांसमोर कपाट बंद करून कुलूप लावलं आणि चावी खिशात घातली. निदान कुलूप तरी आपलं, असा त्यांचा आविर्भाव होता.

"जा गं," काका पॉलिशवालीला म्हणाले. "पाचची गाडी आहे ना? फाटक उघडं आहे तोवर जा."

फाटक उघडं होतं, कारण तपासनीस बाईंची गाडी तिथे उभी होती आणि पाहुण्यांसमोर फाटक लावणं बरं दिसलं नसतं.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, शेवट मला दुसऱ्या कोणासाठी राखून ठेवायचा आहे. पॉलिशवाली वेळेवर पोचली. ऑपरेशन झालं. आई आता तिला बघून म्हणते, किती वाळलीस. त्या आठवड्यात आणखी आठ जण निघून गेले. तेरा राहिले, घेतलेली उचल डोक्यावर होती म्हणून, किंवा जाणार कुठे म्हणून. पण कार्ड खिशात घेऊन राहिले. मामा म्हणे रोज संध्याकाळी ते काढून न विचारता लोकांना दाखवतात. कारखान्याला पूर्ण गुणांचं प्रमाणपत्र मिळालं आणि काकांचा कागद त्याला जोडलेला आहे, त्यामुळे पुढच्या तपासणीलाही तो दाखवावा लागणार. साहेबांनी काचेत लावलं आहे. काका आता भाचीकडे असतात. तिच्या शिवणाच्या खोलीतली बटणं मापाप्रमाणे लागलेली आहेत आणि गिऱ्हाईकं कात्रीला हात लावायला घाबरतात. मी मानधनाचा दुसरा हप्ता घेतला नाही. पहिला तोंडात बसला आहे, तो परत करायचा तर जेवणाचे हाल होतील.

आता पुन्हा त्या सकाळी चला. पॉलिशवाली बोचकं घेऊन फाटकापर्यंत गेली आणि थांबली. मागे वळली. तीन वर्षं दर सुट्टीला ती ज्या कपाटात डोकावत होती, त्याच्याकडे बघून ओरडली, "अहो काका! तुमचं कार्ड? पहिल्या खणातलं?"

काकांचा हात कमरेला गेला. तिथे चाव्या नव्हत्या. बावीस जणांचं त्यांनी आठवणीने दिलं होतं. स्वतःचं कार्ड कपाटात, कपाटाला कुलूप, आणि चावी साहेबांच्या खिशात.

साहेबांनाही ते त्याच क्षणी समजलं. त्यांनी खिशावर हात ठेवला आणि हसले. "बघू हं, काका. राहू दे थोडे दिवस. सुरक्षित आहे ना."

कचेरीची खिडकी उघडीच होती. आत कपबशी वाजत होती. चाळीतली माणसं चेहऱ्यावरची धूळ पुसत उभी राहिली. काका दोन पावलं पुढे आले, जसे नायकाच्या प्रेतापाशी यायचे. तळहात साहेबांच्या छातीसमोर सरळ धरला. चाळीस वर्षं ज्या माणसाचा आवाज विंगेबाहेर कधी गेला नव्हता, त्याने तो आवाज असा लावला की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू जावा, आणि खिडकीतून तपासनीस बाई बाहेर डोकावल्या.

"परत."